थोडा फरक पडला

असोद्यात भरिताच्या वांग्याबद्दल मत नसलेला माणूस एखादवेळेस सापडेल, दुसऱ्याच्या गाडीबद्दल मत नसलेला मात्र शोधून सापडायचा नाही. हे कवयित्री बहिणाबाईंचं माहेर. १८८० साली त्या इथं जन्मल्या, पुढं लग्न होऊन जळगावात गेल्या, आणि दोन ओळींत जगाचा निकाल लावायची हातोटी गावाला ठेवून गेल्या, असा आमचा सगळ्यांचा समज आहे. फरक एवढाच, की त्या आधी बघायच्या आणि मग बोलायच्या. आम्ही आधी बोलून घेतो. बघायचं काम सवडीनं होतं.

त्यामुळं नानांची जीप महामार्गावर थरथरते ही बातमी गावात आली, तेव्हा जीप घरी पोचायच्या आधी तिचं निदान पोचलं होतं. एक नव्हे, बरीच.

नाना म्हणजे माझे चुलते. केळी, कपाशी आणि हौसेपुरती वांगी असा त्यांचा पसारा. जीप त्यांच्या धाकट्या मुलाहून वयानं मोठी आणि घरातलं तिचं स्थानही त्याच्याहून वरचं. कॅनव्हासचं छप्पर, पुढं-मागं कमानपाटे, मूळचं पेट्रोल इंजिन काढून मागाहून बसवलेलं डिझेल, आणि गिअरच्या दांड्याशेजारी फोर बाय फोरचे आणखी दोन छोटे दांडे. या दोन दांड्यांना नानांखेरीज कोणी हात लावायचा नाही, हा घराचा कायदा. पावसाळ्यात कोणाची ट्रॉली शेतात रुतली की नानांना निरोप जातो. नाना गांभीर्यानं जेवण पुरं करतात, टोपी घालतात, जीप काढतात आणि रुतलेल्या माणसाला चार गोष्टी ऐकवून मगच ट्रॉली ओढतात. ट्रॉली निघायला पाच मिनिटं लागतात. ती कशी निघाली हे सांगायला पुढचा पावसाळा येईपर्यंतचा काळ असतो.

जीपचं घराणंच मुळात चिखलाचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी फौजेसाठी ती घडली, ती नांगरट, वाळू, ओढे आणि तोफांची ओढाताण डोळ्यांपुढं ठेवून. महिंद्रांनी १९४७ पासून विलीजच्या जीपा इथं जोडायला घेतल्या, आणि पुढची कित्येक वर्षं तहसीलदारापासून तमाशाच्या फडापर्यंत सगळ्यांना तिनंच वाहिलं. बुटका देह, दोन्ही बाजूंना अखंड पोलादी अ‍ॅक्सल, कण्याखाली आखूड शाफ्ट. गुळगुळीत रस्त्यावर ताशी ८० नं पळावं अशी अपेक्षा तिच्याकडून कोणी केली नव्हती, आणि तिनंही कोणाला तसा शब्द दिला नव्हता.

खरं तर ही थरथर नवी की जुनी, हेच कोणाला सांगता येत नव्हतं. जुना राष्ट्रीय महामार्ग ६ ज्यांनी अंगावर काढलाय त्यांना कारण सांगायला नको. हजिऱ्याहून निघून धुळं, जळगाव, नागपूर, रायपूर करत कोलकात्याला जाणारा हा रस्ता. आता त्याच्या आमच्याकडच्या भागाचा क्रमांक ५३ झाला आहे, आणि कागदोपत्री तो आशियाई महामार्ग ४६ सुद्धा आहे. पण तो दुपदरी होता तेव्हा आशिया खंडाचा मान राखून आम्ही ट्रकमागं चाळिशीनं चालत होतो. गाडीत जे काही हलतं ते रस्त्यामुळं हलतं, यावर सर्वपक्षीय एकमत होतं. सैल नट, झिजलेले बुश, वाकलेली रिंग, असे सगळे गुन्हेगार खड्ड्यांच्या आडोशाला सुखानं नांदत होते.

मग जळगाव-भुसावळचा रस्ता चौपदरी झाला. खड्डे गेले, ट्रक डावीकडं गेले, आणि नानांच्या जीपनं आयुष्यात पहिल्यांदाच ऐंशीचा आकडा बघितला. बघितला आणि तिचे हात-पाय कापायला लागले.

“रोड सुधरला आन् गाडी बिघडली भो,” नाना म्हणाले. रस्ता पुन्हा खराब करायचा एखादा अर्ज असता तर त्यांनी त्या दिवशी भरला असता.

लक्षणं अशी. साठपर्यंत सगळं ठीक. पासष्टच्या पुढं स्टेअरिंग चुळबुळ करायचं. पंचाहत्तर-ऐंशीला ते हातात असं काही झडझडायचं, की नानांना स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळात किती वाजले ते वाचता येत नसे. नव्वदला म्हणे थरथर जरा कमी व्हायची. पण नव्वदला छप्पर, दरवाजे, टपातली टिकाव-फावडी आणि पुढच्या सीटवरची काकू असे सगळे मिळून एवढं ओरडायचे, की ते ‘कमी’ कोणी आणि कशानं मोजलं हे गूढच राहिलं.

चावडीसमोर जीप उभी राहिली आणि परिषद भरली. जीपखाली कोणी वाकलं नाही. त्याची गरजच नव्हती. प्रत्येकानं उभ्या-उभ्या जीपमध्ये स्वतःचा धंदा पाहिला. टायरच्या दुकानात कामाला असलेल्यानं टायर सांगितले. वेल्डिंगवाला म्हणाला, “चेसिसले तडा हाये, माह्याकडं आन.” विम्याची कामं करणाऱ्यानं विमा केव्हा संपतो ते विचारलं. पंचांग बघणाऱ्या काकांनी जीप कोणत्या वारी घेतली होती याची चौकशी केली आणि उत्तर ऐकून मान अशी हलवली, की नानांनी त्याच संध्याकाळी बोनेटला लिंबू-मिरची बांधली. ताशी ८० ला लिंबूसुद्धा थरथरायला लागलं.

नव्या थारवाल्या पोरानं तर एका शब्दात प्रकरण मिटवलं. “इका.”

नानांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. गेल्या पावसाळ्यात त्याच थारला शेताच्या बांधावरून ओढून आणताना काय काय झालं होतं, हे पुढचा अर्धा तास सभेला ऐकावं लागलं.

टायरवाल्याचं मात्र थोडं ऐकायला हवं होतं. त्यानं टायरच्या भिंतीवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. २३१४ असेल तर टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. हा टायरचा जन्मदाखला प्रत्येक गाडीवर लिहिलेला असतो, आणि गावातल्या बहुतेकांना तो लॉट नंबर वाटत असतो. जळगावचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो. त्यात उघड्यावर उभ्या जीपच्या टायरचं रबर वरून नक्षीदार दिसलं तरी आतून म्हातारं होतं, भिंतीला बारीक भेगा पडतात, आणि महिनोन्‌महिने एकाच जागी उभं राहून तळ सपाट होतो. ही तिन्ही कारणं थरथरीची असू शकतात, आणि शेवटचं सोडलं तर जिवाशी खेळ आहे. नानांनी टायरवर हात फिरवला आणि म्हणाले, “नक्षी हाये ना अजून.” विषय संपला. माणूस स्वस्तातला खर्च टाळतो कारण तो करण्याइतका आजार मोठा वाटत नाही, आणि महागातला टाळतो कारण तो महाग असतो. मग मधला, निरुपयोगी खर्च तेवढा उरतो.

तो नानांनी मनापासून केला.

पहिल्यांदा किंगपिन बदलल्या. मिस्त्रीनं चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवून दाखवलं होतं आणि चाक हललं होतं. एवढ्या वयात कोणाचं काय हलत नाही? पण जुनी पिन हातात ठेवून “हे पाहा” म्हटलं, की गिऱ्हाइकाचा प्रतिकार संपतो. संध्याकाळी नाना भुसावळपर्यंत जाऊन आले. आम्ही ओट्यावर वाट बघत होतो.

“काय म्हनते गाडी?”

“थोडा फरक पडला.”

मग टाय रॉडचे एंड बदलले. थोडा फरक पडला. मग इंजिनाचे माउंटिंग. त्यानंही थोडा पडला. शॉकअब्सॉर्बर बदलल्यावर तर ‘बऱ्यापैकी’ पडला, कारण ते महाग होते. इतके थोडे-थोडे फरक एकत्र केले असते तर जीप एव्हाना आगगाडीइतकी निवांत पळायला हवी होती. पण ऐंशीला स्टेअरिंग होतं तसंच झडझडत होतं आणि लिंबू वाळून दगड झालं तरी त्याचं कापणं थांबलं नव्हतं. पैसे दिले की फरक पडतोच. तो गाडीत पडला नाही तर माणसात पडतो. कारण ‘काहीच फरक नाही’ म्हणायचं तर आधी बायकोला उत्तर द्यावं लागतं.

यानंतर जळगावला कॉम्प्युटरवर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. जीप रॅम्पवर चढवली, चारही चाकांना यंत्रं लटकवली, आणि पडद्यावर लाल-हिरव्या आकड्यांची आरास उमटली. पोरगा म्हणाला, “काका, कॅम्बर आउट आहे.” नाना हादरले. आता ह्या जीपला पुढं एकच सरळसोट पोलादी अ‍ॅक्सल. तिचा कॅम्बर यंत्रावर पिळून जुळवायची सोयच नाही. जुळवता येतो तो फक्त दोन चाकांमधला पुढचा-मागचा फरक, टाय रॉड फिरवून, आणि ते काम आपले जुने मिस्त्री दोरी लावून करत आले. पण कागद छापून मिळाला. नानांनी तो घडी न पाडता घरी आणला आणि जमिनीच्या उताऱ्याशेजारी ठेवला. बॅलन्सिंगच्या यंत्रानं पुढच्या दोन्ही चाकांना भरपूर वजन मागितलं, म्हणून रिंगच्या कडेला शिशाचे तुकडे ओळीनं ठोकले गेले. आणि खरंच, येताना जीप शांत चालली! नानांनी त्या रात्री भरिताचा बेत केला. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, बडगीत ठेचली, आणि कॉम्प्युटर ही काय चीज आहे यावर सगळ्यांनी मनसोक्त खाल्लं.

आठवडाभरात थरथर परत आली. आधीपेक्षा जोमानं.

आता गावाचं एकच मत झालं: शाफ्ट. फोर बाय फोर जीपला प्रोपेलर शाफ्ट दोन, एक मागं जाणारा, एक पुढं. लॉकिंग हब नसलेल्या जुन्या जीपमध्ये फोर बाय फोर लावलेलं नसलं तरी पुढची चाकं त्या पुढच्या शाफ्टला फिरवतच राहतात. वरातीत नाचणाऱ्या दूरच्या पाहुण्यासारखा तो. त्याच्याकडं काम काही नसतं, पण फिरतो सगळ्यांबरोबर. मिस्त्रीनं दोन्ही शाफ्ट उतरवले, सगळे क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकांचे सांधे, नवे घातले, ग्रीस भरलं. नाना चक्कर मारून आले. या वेळी ओट्यावर कोणी विचारायच्या आधीच त्यांचा चेहरा बोलला. स्टेअरिंगची थरथर कायम होती, आणि शिवाय आता पायाखालून घरघर यायला लागली होती.

“आवाज आला म्हंजी फरक पडला,” मिस्त्री म्हणाला. तर्काला तोड नव्हती.

इथं दीपनगरचे आप्पा आले. आले म्हणजे चालत, कोणी न बोलावता, हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रात त्यांनी उभा जन्म टर्बाइनच्या सोबतीनं काढला आणि निवृत्त होऊन गावी परतले. असोद्यात राहूनही कमी बोलणारे म्हणून ते ओळखले जातात. त्यामुळं परिषदेला त्यांना कोणी कधी बोलावत नाही.

“नाना,” ते म्हणाले, “ती थरथर डोळ्यांनी दिसते का कानांनी ऐकू येते?”

नाना चिडले. एवढे पैसे घालून झाल्यावर हा काय प्रश्न? पण आप्पांनी ओट्यावर बसून कोथिंबिरीच्या काडीनं धुळीत हिशेब मांडला. जीपच्या चाकाचा घेर सव्वादोन मीटर. ताशी ८० म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. म्हणजे चाक सेकंदाला दहा गिरक्या घेतं. चाकात खोट असेल तर स्टेअरिंग सेकंदाला दहा वेळा हलेल, आणि दहा वेळा हललेलं डोळ्यांना दिसतं. शाफ्टचं तसं नाही. मागच्या गुडद्यात, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, दात्यांचा हिशेब असा असतो, की चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट पाचेक फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला पन्नास. ते दिसत नाही. ते टाचेला मुंग्या आणतं, कानात गुणगुणतं, आरसा धूसर करतं.

“पन्नास म्हंजी मिनिटाले किती?” आप्पांनी विचारलं.

“तीन हजार,” मी म्हणालो.

“आपल्या देशात वीज पन्नास हर्ट्‌झची. म्हणून आमचं टर्बाइनसुद्धा मिनिटाले तीन हजारच फिरतं.” आप्पांनी काडी टाकून दिली. “नाना, तुमचा शाफ्ट अन् आमचं टर्बाइन, चाल एकच.”

नानांच्या चेहऱ्यावर महिनाभरानं तेज आलं. बाकीचं सगळं त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, पण हे वाक्य त्याच संध्याकाळी दूध डेअरीवर, केळीच्या वजनकाट्यावर आणि एका साखरपुड्यात ऐकवलं गेलं. ज्या जीपला कालपर्यंत लोक खटारा म्हणत होते ती आता वीज केंद्राच्या दर्जाला पोचली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्ता मोकळा असताना, आम्ही निघालो. आप्पा शेजारी, मी मागच्या बाकावर वांग्यांच्या क्रेटला टेकून. ऐंशीला गाडी नेली, स्टेअरिंग झडझडायला लागलं. आप्पा म्हणाले, “क्लच दाबा, न्यूट्रल करा, काही धरू नका.” इंजिन शांत झालं, जीप आपल्या वेगात चालत राहिली, आणि थरथर तशीच राहिली. इंजिन, क्लच, माउंटिंग यांची तिथल्या तिथं निर्दोष मुक्तता झाली. माउंटिंगचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

परत आल्यावर आप्पांनी पुढची चाकं मागं आणि मागची पुढं लावायला सांगितली. त्याआधी नट तपासले, कारण सैल नटासाठी शाफ्ट खोलणारे लोक त्यांनी पाहिले होते. पुन्हा ऐंशी. आणि काय चमत्कार! स्टेअरिंग शांत. नानांचे हात शांत. पण मागच्या बाकावर मी आणि वांगी, दोघंही कापत होतो. रोग चाकांबरोबर गाडीत मागं सरकला होता. म्हणजे तो किंगपिनमध्ये नव्हता, टाय रॉडमध्ये नव्हता, अ‍ॅक्सलमध्ये नव्हता. ज्यांच्यावर खर्च झाला ते सगळे सज्जन निघाले.

घरघरीचं प्रकरण वेगळं. क्रॉसचा स्वभाव असा, की शाफ्ट कोनात फिरत असेल तर एक क्रॉस प्रत्येक फेऱ्यात त्याला दोनदा पुढं ढकलतो आणि दोनदा मागं खेचतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस नेमका उलट वागून ते निस्तरतो. पण दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील तरच. म्हणून शाफ्ट सोडवताना खडूनं खूण करायची आणि जोडताना ती जुळवायची. मिस्त्रीनं खूण केली नव्हती आणि सरकता जोड चुकीच्या खाचेत बसवला होता. तो सोडवून सरळ बसवला आणि घरघर गेली. म्हणजे थरथर मूळची होती. घरघर नानांनी विकत घेतली होती.

मग आप्पांनी ती दोन चाकं उतरवायला लावली आणि पालथी पाडली. ब्रेकच्या ड्रमकडं असलेली रिंगची आतली वाटी, जी चाक लावलेलं असताना कोणाला दिसत नाही आणि धुताना पाण्याचा झोत जिथं पोचत नाही, तिथं काळी माती होती. आमची खास कपाशीची काळी माती. ओली असताना फुगून सगळीकडं शिरते, आणि सुकली की छिन्नीलाही दाद देत नाही. एका वाटीत अर्ध्या भागात भरलेली, दुसरीत एका कोपऱ्याला. आणि कडेला शिशाची ओळ. तेव्हा कुठं सगळा उलगडा झाला. चाकं न धुताच यंत्रावर चढवली गेली होती. यंत्रानं इमानानं माती मोजली आणि तिला तोलेल एवढं शिसं मागितलं. आठवड्यात निम्मी माती रस्त्यात गळून पडली. शिसं तिच्या आठवणीत तिथंच राहिलं.

हातोडी-छिन्नीनं माती काढली, घमेल्यात टाकली, वजनकाट्यावर ठेवली. आप्पांनी पुन्हा हिशेब केला. रिंगच्या आत, आसापासून वीतभर अंतरावर, एका बाजूला अर्धा किलो माती असेल तर ताशी ८० ला ती चाकाला चाळीस किलोच्या जोरानं बाहेर खेचते, आणि ही ओढ सेकंदाला दहा वेळा दिशा बदलते. चाळीसच्या वेगाला तीच माती जेमतेम दहा किलोनं ओढते, कारण वेग निम्मा झाला की जोर पाव होतो. म्हणून ट्रकमागं चाललो तोवर कोणाला काही कळलं नाही.

“पन एवढी माती आली कुठून?” कोणीतरी विचारलं.

सगळ्यांनी नानांकडं बघितलं. गेल्या पावसाळ्यातली ट्रॉली. थारची सुटका. लो गिअरमध्ये, दोन्ही दांडे ओढून, गुडघाभर गाऱ्यातून. वर्षभर गाव जो पराक्रम ऐकत होतं, त्याचा सबळ पुरावा घमेल्यात पडला होता. एरवी नानांना त्याचा अभिमान वाटायला हवा होता. पण ते फार दुखावले.

“माती?” ते म्हणाले. “निस्ती माती?”

मला त्यांचं दुःख समजलं. माणसाला आजार आपल्या ऐपतीला शोभेल असा हवा असतो. किंगपिन चालते, क्रॉस चालतो, कॅम्बर तर फारच चांगला, कारण तो छापून मिळतो. पण पाण्याच्या एका बादलीत जाणारा आजार इतके दिवस जपला, हे चारचौघांत सांगणार कसं? आणि सांगितलं तरी ऐकणाऱ्यालाच ते नको असतं. त्याला स्वतःच्या गाडीखाली बघावं लागेल. मत देणं उभ्यानं होतं; बघायला वाकावं लागतं.

चाकं धुतली, शिसं काढलं, पुन्हा तोललं. या वेळी यंत्रानं चिमूटभर वजन मागितलं. नवे टायरही आले, कारण भेगा दाखवल्यावर काकूनं “जिवापेक्षा नक्षी मोठी का?” असं विचारलं आणि त्याला नानांकडं उत्तर नव्हतं. जीप आता ऐंशीला स्टेअरिंगवर दोन बोटं ठेवून चालते. गावात मात्र अधिकृत इतिहास वेगळा आहे: शाफ्टचा मोठा फॉल्ट होता, टर्बाइनच्या स्पीडवर फिरणारा, दीपनगरच्या साहेबांनी येऊन काढला. आप्पा हे ऐकतात आणि कोथिंबीर घेऊन पुढं जातात.

खरी गोष्ट एकाच माणसानं मनावर घेतली: ज्याच्याकडं त्या दिवशी चाकं धुतली तो वॉशिंग सेंटरवाला. त्यानं आठ-दहा गिऱ्हाइकांना फुकट सांगून पाहिलं, “भाऊ, चाक काढून आतून धुवून घ्या, गाडी हलायची थांबन.” एकानंही ऐकलं नाही. सगळ्यांनी हसून गाडी मिस्त्रीकडं नेली. मग तो शहाणा झाला. आता त्याच्या दारात नवा बोर्ड आहे: ‘फोर बाय फोर व्हायब्रेशन ट्रीटमेंट’. पाणी तेच, ब्रश तोच. चाकं मात्र काढतो, पालथी पाडतो, छिन्नी चालवतो आणि साध्या धुण्याच्या चौपट पैसे घेतो. काम झाल्यावर काढलेली माती पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात देतो.

गाड्यांची रांग असते. परवा नाना स्वतः तिथं जीप घेऊन गेले होते. आता काय झालं म्हणून मी विचारलं.

“झालं काहीच नाही,” ते म्हणाले, “पन करून घेतली ट्रीटमेंट. थोडा फरक पडतोच.”